याकोबाचे पत्र

नव्या करारातले याकोबाचे पत्र पाचच अध्यायांचे आहे. एका बैठकीत वाचून होते. मी मात्र ते आयुष्यभर वाचते आहे.

आमचे घराणे नगरकडच्या जुन्या मिशन मंडळीतले. शब्बाथ शाळेत इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी वचने आम्हा मुलांकडून घोकून घेत. तारण ही देवाची देणगी आहे, ते कोणाला कमावता येत नाही, हा त्यांचा आशय. घरी आजीचा ओढा मात्र याकोबाकडे. दारी कोणी उपाशी आले की ती आधी भाकरी वाढायची आणि प्रार्थना मागाहून करायची. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "अगं, भुकेल्याला आमेनची वाट बघायला लावू नये." याकोबाचा प्रश्नही हाच आहे: उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावले, तर त्याला काय मिळाले?

पुण्यात कॉलेजात वसईची एक कॅथलिक मैत्रीण भेटली. तारण विश्वासाने की कृत्यांनी, या वादात ती याकोब पुढे करी, मी पौलाचे रोमकरांस पत्र. पुढे ध्यानात आले, की पौल आणि याकोब दोघेही अब्राहामालाच साक्षीला बोलावतात. पौल बघतो तो अजून मूलबाळ नसलेला, देवाच्या वचनावर विसंबलेला अब्राहाम. याकोब बघतो तो कितीतरी वर्षांनंतरचा, इसहाकाला घेऊन वेदीपाशी उभा असलेला. माणूस एकच, आधी विसंबला, मग त्या भरवशावर चालला.

याकोबाच्या पत्राला गवतकाडीची उपमा देणाऱ्या ल्यूथरनेही त्याच वर्षी, १५२२ मध्ये, रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, सतत काम करणारी गोष्ट असल्याचे लिहिले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आम्हा मैत्रिणींचा वाद त्यापूर्वीच मिटला होता. इफिसकरांस पत्राच्या त्याच दुसऱ्या अध्यायातले दहावे वचन आम्ही एकत्र वाचले होते. देवाने माणसाला सत्कृत्यांसाठीच घडवले, असे ते सांगते.

पण हे खऱ्या अर्थाने उमगले ते पंडिता रमाबाईंमुळे. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे आपले काम दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथली सेवा बघून, ही माया येते कुठून, असा प्रश्न त्यांना पडला. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. आणि एवढे झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालाच नाही, अशी जाणीव त्यांना झाली. त्यांनी ती पुढे मोकळेपणाने लिहूनही ठेवली. सेवेचा एवढा डोंगर पाठीशी असलेली बाई देवापुढे रिकाम्या हातांनी उभी राहिली. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले.

केडगावला गेले तेव्हा माझ्या मनातली गाठ सुटली. सत्कृत्याने देवाची मर्जी मिळवायची असेल, तर समोरचा गरजवंत आपल्या पुण्याचे साधन होतो. देवाने आपल्याला आधीच पदरात घेतले आहे हे ज्याला पटले, त्याला स्वतःची काळजी उरत नाही. मग समोरच्या माणसाकडे, त्याच्या भुकेकडे, त्याच्या तापाकडे नीट बघता येते. कृपेवरचा विश्वास माणसाला सेवेतून सोडवत नाही, सेवेसाठी मोकळा करतो. आणि ज्या विश्वासाचा शेजाऱ्याला कधीच उपयोग होत नाही, तो तपासून बघायला हवा. याकोब एवढेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे.

म्हणून मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींना एवढीच विनंती: येत्या रविवारी उपासनेहून घरी परतताना वाटेत कोणाचे दार वाजवायचे, ते निघण्याआधीच ठरवा.