फळ्यावरची सूचना

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे. मास्तरांचे अक्षर ना! परवा कमिटीने ठरवले, मोलकरणींनी लिफ्ट वापरू नये. वापरल्यास त्या घराला 100 रुपये दंड. मी ते वळणदार अक्षरांत उतरवले. शुद्धलेखनसुद्धा दोनदा तपासले!

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या मावशी चार जिने चढून आल्या नि गुडघे धरून उंबऱ्यातच टेकल्या.

"गुर्जी, फळ्यावर काय लिवलंय ओ?"

मला वाचून दाखवता येईना. मी उपविधींचे पुस्तक उघडले. दंड ठरवायचा तो सर्वसाधारण सभेने. उपविधी बदलायचा तर दोन-तृतीयांश मते, वर निबंधकांकडे नोंदणी. आणि इथे सात जणांनी चहा पिता पिता केलेला कायदा!

ओले फडके घेऊन खाली उतरलो, तर सेक्रेटरी फळ्यापाशीच उभे.