फुग्याच्या आत काय आहे

हृदयाच्या धमनीचा एखादा भाग शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपटीहून जास्त रुंदावला की आम्ही त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतो. नातेवाईक लगेच विचारतात, 'फुटेल का?' महाधमनीबाबत ही भीती रास्तच, पण हृदयाच्या धमनीतला, म्हणजे कोरोनरीतला, फुगा क्वचित फुटतो. घात करते ती त्यातली गुठळी. डोहात पाणी संथ होतं तसं रुंद जागी रक्त रेंगाळतं, भिंतीवर थर साचतात आणि एखादा तुकडा पुढे सरकला की बारीक शाखा बंद पडते. म्हणून शस्त्रक्रिया नुसत्या मिलिमीटरवर ठरवू नये, आत काय साचलंय आणि पुढे रक्त किती पोचतंय यावर ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. इथे अँजिओग्राफी फसवू शकते. तिच्यात रक्त वाहतं तेवढीच वाट दिसते. फुगा गुठळीने भरलेला असला तर तो प्रत्यक्षाहून बराच लहान वाटतो. भिंत आणि गुठळीची जाडी सीटीवर कळते.

अमेरिकेतल्या 'कॅस' नोंदणीच्या १९८३ च्या अहवालात सुमारे वीस हजार रुग्णांपैकी ४.९ टक्क्यांच्या धमन्या अशा फुगलेल्या आढळल्या, आणि ते इतर हृदयरुग्णांपेक्षा लवकर दगावले नाहीत. मग छाती उघडायची कशाला? लहान, शांत फुग्यांपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण दीडपटीत बसणारे सगळेच त्या मोजणीत होते. महाकाय फुग्यांबद्दल तिच्यातून निष्कर्ष काढता येत नाही. कावासाकी आजारानंतर मुलांमध्ये आठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे राहिलेले फुगे सहसा पूर्ववत होत नाहीत, पुढे त्यांच्या तोंडाशी धमनी अरुंद होत जाते. छाती न उघडता कव्हर्ड, म्हणजे आवरण असलेल्या, स्टेंटने काम भागतं, पण फुग्यातून शाखा निघत नसेल तरच. नाहीतर आवरण तिचंही तोंड बुजवतं.

नुसता बायपास जोडून मोठा फुगा तसाच ठेवणं मला पटत नाही. जुन्या वाटेने रक्त येतच राहिलं तर ग्राफ्टमधला, म्हणजे जोडलेल्या नव्या वाहिनीतला, प्रवाह मंदावतो आणि गुठळी सुटायची ती सुटतेच. फुगा दोन्ही टोकांना बंद करायला हवा. बाहेरून टोकं सापडत नसतील तर हृदय थांबवून तो उघडावा लागतो, आणि तोवर त्याला शक्यतो हात लावायचा नाही, कारण दाबानेही गुठळी निसटते. थर उपसल्यावर तळाशी धमनीची तोंडं दिसतात. महाधमनीतून कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवणारा द्रव, सोडला की ज्यातून तो उसळतो ते आत येणारं तोंड. त्याला आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाला आतून प्रोलीनच्या धाग्याचे टाके घालून ती बंद करायची, आणि मधे मोठी शाखा सापडली तर तिला स्वतंत्र ग्राफ्ट द्यायचा.