सहा आकडे

दादा गेल्यानंतर इंदूरच्या जुन्या घराची आवराआवर आम्हा भावंडांकडे आली. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, त्यांच्या धोतरांखाली, ‘मदर इंडिया’चे पोस्टर घडी घालून ठेवलेले सापडले. खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस पाहताच आम्ही ठरवून टाकले, की हे १९५७ सालचे, अस्सल! मेहबूब खान यांचा हा चित्रपट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रथम झळकला होता.

आमचा आनंद अगदीच अकारण नव्हता. पोस्टर जन्मास येते ते भिंतीवर डकवले जाण्यासाठी. खळ लावून चिकटवलेला कागद पावसात गळून पडतो. न गळाला तर पुढच्या चित्रपटाचा कागद त्यावर बसतो. उरलेल्या प्रती रद्दीत जातात. म्हणून पहिल्या प्रदर्शनाची प्रत दुर्मिळ. लोकप्रिय चित्रपट मात्र पुनःपुन्हा लागत आणि त्यांची पोस्टरे नव्याने छापली जात, पुष्कळदा तेच चित्र घेऊन. तेव्हा चित्र जुने म्हणून कागदही जुना, असे म्हणता येत नाही.

हे आम्हांस उमगले ते घरी आलेल्या एका संग्राहकांमुळे. त्यांनी चित्राकडे क्षणभर पाहिले आणि भिंग नेले ते थेट तळाच्या पट्टीवर. छापखान्याच्या पत्त्यात ‘बॉम्बे’पुढे सहा आकडे होते. “पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी,” ते शांतपणे म्हणाले. “त्यापूर्वी नुसते ‘बॉम्बे ४’ असे लिहीत.”

किंमत अर्थातच कोसळली. एका हितचिंतकांनी सुचविले, “ती पट्टी कापून चौकट करा. कोण विचारतो?” खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्ही कात्री हाती घेतलीही होती. घराच्या गळक्या छपराचा खर्च डोळ्यांपुढे उभा होता.

तेवढ्यात आई म्हणाली, “सत्तावन्न साली तुमच्या दादांजवळ तिकिटाचे पैसे होते कुठे? सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा तुम्हां सगळ्यांना घेऊन गेलो. येताना थिएटरातल्या माणसाकडून त्यांनी हा कागद मागून घेतला. धाकटा तर माझ्या मांडीवर झोपून गेला होता.”

पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचे आहे, असे दादा कधीच म्हणाले नव्हते. ते आम्हीच ठरविले होते.

छपराचे काम आम्ही भावंडांनी वर्गणी काढून केले. पोस्टर आज बैठकीच्या खोलीत आहे, तळपट्टीसकट. कोणी कौतुकाने जवळ गेले, की आम्ही आधी ते सहा आकडे दाखवितो.