भिजल्या पेंढ्याचा वास

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की भाताच्या जुन्या पेंढ्याला एक वास सुटतो. मातीच्या वासाचं कौतुक सगळ्यांनी केलं, याच्या वाट्याला ते फारसं आलं नाही. थोडा आंबूस, थोडा गोडसर, आत कुठेतरी गोठ्यातली ऊब असलेला, आणि अगदी तळाशी गेल्या हिवाळ्यातलं ऊन. कोलाडला मुंबई-गोवा रस्ता सोडून आत वळलं की कुंडलिकेच्या अंगाला जी घरं लागतात, त्यांतल्या एका घराच्या पडवीला लागून पेंढ्याची उडवी रचलेली असायची, अर्धी ताडपत्रीखाली आणि अर्धी उघडी. तो वास कुठेही आला, अगदी परक्या गावातल्या एसटी स्टँडवर जरी आला, तरी माझे डोळे आपोआप मिटतात. त्या वासातच मी पहिल्यांदा माणसांना एकत्र प्रार्थना करताना ऐकलं. ऐकलं असंच म्हणायला हवं, कारण डोळे मिटलेले होते.

पडवी लहानशी. सारवलेली जमीन, दोन चटया, दाराशी निथळत ठेवलेल्या प्लास्टिकच्या खोळी, आणि वीज गेली की खुंटीवरचा कंदील. घर मामा-मामींचं. मामी उपकेंद्रात नर्स होत्या आणि मामा कोकण रेल्वेत गँगमन. रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू होते आणि तिचं पहिलंच स्टेशन कोलाड. तिथून पुढे सगळा डोंगर, बोगदे, नाले. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. दरड आली नाही ना, रुळावर धोंडा पडला नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात बघत चालायचं, एकट्याच्या पायाखाली शेकडो झोपलेल्या माणसांचा भरवसा. गस्तीवरून मामा आले की मामी आधी गरम पाणी द्यायच्या, मग चहा, आणि मग दोघं त्या पडवीत शेजारी-शेजारी गुडघे टेकायचे. पाचेक मिनिटं. मी गोधडीतून बघायचो. बोलणं इतकं हळू की शब्द कळत नसत, पण दोन आवाजांची एकमेकांत मिसळलेली गुणगुण कळायची. अजून ऐकू येते.

संध्याकाळी मंडळी जमायची. चर्चची इमारत नव्हती, ही पडवीच होती. नगरकडून बदलून आलेले एक गुरुजी, ज्यांच्या घरात ‘ज्ञानोदय’ पिढ्यान् पिढ्या येत होता. कातकरवाडीतून येणारी बाय, जिला सगळे बायच म्हणत. रोह्याच्या कारखान्यात जाणारी दोन पोरं. आणि कधीकधी एखादा केरळचा ट्रक ड्रायव्हर. कोलाडला ट्रक मालगाडीच्या वाघिणींवर चढवून दक्षिणेकडे नेतात, 1999 पासून ही रो-रो सुरू आहे, आणि आपल्या गाडीचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हरला वेळच वेळ असतो. एकदा असा एकजण, कुठून तरी गाण्याचा आवाज ऐकून आला, चपला काढून कडेला बसला आणि त्याची पाळी आली तेव्हा मल्याळममधून प्रार्थना करू लागला. आम्हाला एक अक्षर समजलं नाही. मध्येच त्याचा आवाज फाटला. सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं आणि बायनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं दुःख काय होतं कोण जाणे. त्याची गाडी रात्री निघून गेली.

किती दिवस ती पडवी त्याच्यासाठी मागत राहिली!

बायला वाचता येत नव्हतं. ती बोटांच्या पेरांवर नावं धरायची. दिवाळी झाली की कातकरवाडी ओस पडायची, कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळशाच्या भट्टीवर, पार कर्नाटकापर्यंत, उचल घेतलेली असायची ती फेडायला, पोरं-कोंबड्या-भांडी सगळं घेऊन. पावसाळ्यात पडवी भरायची आणि हिवाळ्यात रिकामी व्हायची, आणि म्हणूनच हिवाळ्यातली प्रार्थना लांबायची. एकेका पेरावर अंगठा ठेवत बाय एकेक नाव घ्यायची. करंगळीपासून सुरू करून दोन्ही हात संपायचे आणि पुन्हा करंगळी यायची. कोणाचं पोर तापानं होतं, कोणाची पोटुशी लेक भट्टीवर गेली होती, कोणाच्या मुकादमानं हिशेब दिला नव्हता. मामी त्यातलं मनात टिपून घ्यायच्या. सकाळी तीच यादी त्यांच्या कामाची यादी व्हायची. कोणाकडे गोळ्या पाठवायच्या, कोणासाठी रोह्याच्या दवाखान्यात बसायचं, कोणाचं पोर शाळेतून नाव कमी होण्याआधी गुरुजींना सांगायचं. आमच्या लोकांत याला सेवा म्हणतात, आणि ती कुठे सुरू होते असं कोणी विचारलं तर मला आजही ती पेरांवरून फिरणारी, चुलीच्या धुरानं काळवंडलेली अंगठ्याची कड दिसते.

उडवीची गोष्ट मला गुरुजींनी सांगितली. बाहेर धो-धो कोसळत होतं, आणि त्यांनी पेंढ्याकडे बोट करून म्हटलं, आपल्या मराठी मंडळीचा उगम असल्याच एका उडवीपाशी आहे. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये विल्यम्स नावाचं कॉलेज. 1806 चा ऑगस्ट महिना. पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेला निघालेले असताना वादळी पाऊस आला आणि ते गवताच्या एका गंजीच्या आडोशाला शिरले. तिथंच, अंग चोरून, त्यांनी आशियातल्या त्यांना न दिसलेल्या माणसांसाठी प्रार्थना केली. चार वर्षांनी, 1810 मध्ये, त्या ओढीतून अमेरिकन बोर्ड उभं राहिलं, आणि 1813 च्या फेब्रुवारीत त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल आपल्या सोबत्यासह, सॅम्युअल नॉटसह, मुंबईत उतरला. पुढे नगर, पुढे शाळा, पुढे ‘ज्ञानोदय’ आणि आमचे गुरुजी.

त्या गंजीखालच्या पाचांत पुढाकार होता सॅम्युअल मिल्सचा, आणि तो कधीच हिंदुस्थानात आला नाही. 1818 मध्ये आफ्रिकेहून परतताना समुद्रातच वारला. मला या गोष्टीत सर्वांत जास्त काय हलवतं, तर हेच. ज्यानं मागितलं तो आला नाही, जो आला तो त्या गंजीखाली नव्हता. एकानं ओंजळ धरावी, दुसऱ्यानं चालावं, तिसऱ्यानं कुठल्या परमुलखात मरावं. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेला, जवळ घरचं कोणी नसताना. आणि तरी काम कोणा एकाचं झालं नाही. भिजल्या गवताचा वास त्या पाचांनाही आला असेलच. तेवढं तरी त्यांचं-आमचं समान.

आमच्या कोकणातही असंच घडत होतं. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल आला आणि त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी बाणकोट-हर्णैचं काम धरून ठेवलं. जॉन आणि मार्गारेट विल्सन 1829 मध्ये आले, मराठीचे पहिले धडे त्यांनी या किनाऱ्यावर गिरवले, आणि मार्गारेटनं मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. तीही 1835 मध्ये गेली, फार लवकर. जॉनचं नाव कॉलेजला लागलं. त्या दोघांनी रात्री दिवा मालवण्याआधी एकमेकांसाठी काय मागितलं असेल, ते कुठल्याही इमारतीवर कोरलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचंही आपण असंच एकटं नाव लक्षात ठेवतो. एकट्या, तेजस्वी, वादळात उभ्या. तशा त्या होत्याच. पण केडगावचं मुक्ती मिशन हे सोबतिणींचं घर होतं, आणि हे सांगितल्याशिवाय रमाबाई पुऱ्या होत नाहीत असं मला मनापासून वाटतं. 1905 च्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारलं, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण येईल? 70 जणी उठल्या. जूनपर्यंत 550 जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या, नवरा गेल्यावर घराबाहेर काढलेल्या, कोणी अंध, कोणी अजून नीट बोलतही नसलेल्या. जिच्यासाठी आजवर कोणी काही मागितलं नव्हतं, ती दुसरीसाठी मागायला बसली. मग त्यांच्यातल्याच काहीजणी टोळ्या करून गावोगाव निघाल्या. ज्या टोळीनं पहाटे एकमेकींची आसवं ऐकली आहेत, ती दुपारच्या उन्हात एकमेकींच्या वाट्याचं पाणी पिणार नाही.

आमच्या पडवीतही सगळं गोड नव्हतं. औषधांसाठी सगळे मिळून थोडे पैसे बाजूला ठेवत, त्यावरून मामांचं आणि गुरुजींचं एकदा चांगलंच वाजलं. हिशेब कोणी ठेवायचा, कोणाला विचारून द्यायचे, असलंच काहीतरी. अबोला पडला. दोघं यायचे, दोन टोकांना बसायचे, आणि दोघांची प्रार्थना कोरडी, नीटनेटकी व्हायची. मामी काही दिवस गप्प राहिल्या. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, “गुरुजी, आज तुम्ही यांच्यासाठी मागा.” आणि मामांकडे बघून, “तुम्ही गुरुजींसाठी.” गुरुजी बराच वेळ बोलेचनात. कोणासाठी मागायचं तर त्याला काय हवंय ते ठाऊक तर पाहिजे! शेवटी त्यांना विचारावं लागलं. “काय मागू तुमच्यासाठी?” मामा खाली मान घालून म्हणाले, “गस्तीवर भीती वाटते हल्ली. डोळ्यांना कमी दिसतंय.”

मामींनाही हे माहीत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात गुरुजी मामांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. हिशेबाची वही कोणाकडे राहिली, ते मला आठवत नाही.

सकाळी नदीवर जायचो. मुळशीच्या तलावाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला उतरतं, वीज देतं आणि मग कुंडलिकेत येतं. आदल्या संध्याकाळी ज्या खडकांवर बसलो, ते सकाळी पाण्याखाली गेलेले असत, आभाळ निरभ्र असताना. त्या काठावर बसून मी ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचलं आणि तेव्हापासून फिलिप्पै हे गाव मला मनात कोलाडसारखंच दिसत आलंय. तिथंही सभास्थान नव्हतं, नदीकाठी प्रार्थनेची जागा होती, चारदोन बाया जमत. जांभळ्या वस्त्रांचा धंदा करणारी लुदिया पौलाला तिथंच भेटली आणि तिनं घर उघडलं. पौल पुढे अनेक गावी गेला, तुरुंगात पडला, पण त्याच्या गरजेला धावून गेली ती ही नदीकाठची मंडळी. त्यांना लिहिलेलं त्याचं पत्र सहभागाच्या आनंदानं ओथंबलेलं आहे.

आणि त्या नदीकाठी तो पोचला कसा? भांडण होऊन. अंत्युखियात उपास-प्रार्थना करून मंडळीनं पौल आणि बर्णबा यांना जोडीनं पाठवलं होतं, त्या जोडीचं मार्क नावाच्या सोबत्यावरून बिनसलं. शास्त्रानं हे लपवलं नाही याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. पण फुटल्यावरही एकटा कोणी निघाला नाही. बर्णबानं मार्काला घेतलं, पौलानं सीलाला. येशूनंही शिष्यांना दोघादोघांनीच धाडलं होतं. वाट मोठी, माणूस थकणारं, मन फिरणारं. सोबत हवीच.

हिवाळ्यात, वालाच्या शेंगा भरल्या की, एखाद्या शनिवारी अंगणात पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी, पुन्हा पाला, तोंड दाबून गच्च, आणि मडकं उपडं ठेवून भोवती त्याच उडवीतला पेंढा पेटवायचा. प्रार्थना त्या जाळाभोवती, उभ्यानंच व्हायची. भट्टीवर गेलेल्यांची नावं बाय घ्यायची, मामा डोळ्यांवर नवा चष्मा सावरत ऐकायचे, आणि मडक्यातून पाल्याची उग्र वाफ निघेपर्यंत नावं काही संपायची नाहीत. पोरं चुळबुळत. आमेन झाला की सगळ्यांचे हात आधी मडक्याकडे जायचे, बायचा सोडून. बाय पदर खोचायची, प्रत्येकाच्या तोंडाकडे एकदा बघायची आणि ठसक्यात विचारायची, “मंग, उद्या सकाली कोन कोनासंगती जानार?”

“मी गुरुजींबरोबर,” मामा म्हणायचे, शेंग सोलत.