मागच्या चाकाची घरघर

मोटारीचा आवाज ओळखणें हें, आमच्या समजुतीप्रमाणें, मोटार हांकणाऱ्याचें काम. म्हणून हिंगोलीहून औंढा नागनाथास जातांना मागच्या आसनावरून मातोश्री म्हणाल्या, "अरे, माझ्या खालीं जातं फिरतंय," तेव्हां आम्हीं तें हांसण्यावारी नेलें.

घरघर आम्हांसही ऐकूं येत होती. पण आमच्या कानांस ती डावीकडून येई. एका कारागिरानें डावें चाक उघडून ब्रेकचे शू बदलले. पुढें टायरही बदलले. पैसे गेले, घरघर राहिली. वेगाबरोबर ती चढे, वेगाबरोबर उतरे.

अखेर आम्हीं रीतसर शोध आरंभिला. मोकळ्या सडकेवर वेग घेऊन गाडी न्यूट्रलमध्यें सोडली. एंजिनाचा सूर एकदम खालीं आला. घरघर मात्र कायम. म्हणजे दोष एंजिनांत नव्हे. ब्रेक हलकेच दाबला, फरक नाहीं. मग वळणें. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर कलतो. नेमका तेव्हां आवाज वाढे, आणि उजव्या वळणावर जवळजवळ विरून जाई. म्हणजे दोषी चाक उजवें! पत्र्याच्या बंद पेटींत आवाज आपटत आपटत भलतीकडून कानीं येतो, हें आम्हांस तेव्हां उमगलें. मातोश्री मात्र पहिल्यापासून त्या उजव्या चाकावरच बसत होत्या.

वसमतच्या एका वृद्ध मिस्त्रीनें जॅक लावून चाक उचललें. मनुष्य ॲम्बॅसडरच्या अमदानींत तयार झालेला. ती गाडी मागच्या चाकांनीं चाले. त्यामुळें मागून आवाज आला कीं डिफरन्शियलचाही संशय घ्यावा लागे. (2014 सालीं त्या गाडीचें उत्पादनच थांबलें.) आमची गाडी पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी, तिच्या मागच्या चाकापाशीं ब्रेक आणि बेअरिंग यांखेरीज बोलणारें फारसें कोण असणार? त्यानें एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानें चाक फिरविलें. "साहेब, इथं हात लावा." बारीक खरखर बोटांना जाणवली. डाव्या बाजूच्या स्प्रिंगला ती नव्हती. मग वर-खालीं धरून हलवितांच चाक चक्क लटपटलें, आणि आमच्या पोटांत गोळा आला. या चाकावर 80 वर्षांच्या आईस बसवून आम्ही दोन महिने हिंडत होतों!

बेअरिंग बाहेर निघालें. गोळ्या फिरावयाच्या वाटेवर खड्डे पडले होते. मातोश्रींनीं तें कानाशीं धरून फिरविलें.

"मधली खीळ झिजली, वरची तळी डगमगूं लागली, कीं जातं असंच बोलतं. तुला सांगितलं होतं."

नवें बेअरिंग बसवून आम्ही परत निघालों. गाडी कशी मुकाट चालली होती. औंढ्याच्या अलीकडे आम्हीं मोठ्या ऐटीनें विचारलें, "आतां कांहीं ऐकूं येतं का?"

"येतं. कांहीं तरी टिकटिकतंय."

आम्हांस कांहींच ऐकूं येत नव्हतें. तरी गाडी थांबवून खालीं उतरलों. टायरच्या खाचेंत खडीचा एक तुकडा अडकला होता.