नसलेल्या नावाची जागा

जुलै 2021 च्या पुरात सावित्रीचं पाणी आमच्या महाडच्या दुकानात शिरलं. ओसरल्यावर खातेवह्या वाळत घातल्या. पानं सुटली होती. पोलादपूरच्या गिऱ्हाइकाला बिरवाडीचं चिकटलेलं. पुढे सवडीने ती नावं मी संगणकात अकारविल्हे लावली.

अशा यादीत नाव आहे का, हे बघायला मधोमध उघडायचं. हवं ते नाव अलीकडचं असेल तर पलीकडची अर्धी यादी सोडायची, मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. दहा लाख नावांनाही विसेक वेळा डोकावलं की झालं. पण क्रम मोडलेला असला तर हाच शोध असलेलं नावही खुशाल नाही म्हणतो. चिखलातल्या वह्यांना तो काय कामाचा! तिथे पान न् पान उलटावं लागतं.

मी रेंगाळतो ते वेगळ्याच गोष्टीपाशी. जावा या संगणकभाषेतला हा शोध, नाव नसलं तर ऋण आकडा देतो. ते असतं तर कुठे बसलं असतं, ती जागा त्यात दडलेली असते.

त्याच पुराच्या वेळी, 22 जुलैला, तळिये गावावर दरड कोसळली. आमच्या वहीत तळियेचीही खाती होती. ती ठेवायची की काढायची? वडील म्हणाले, राहू देत. उधारीचा रकाना मात्र त्यांनी मला भरू दिला नाही.