आत्याबाईंचा आवाज

माझ्या हातून आजवर चुका पुष्कळ झाल्या. परंतु जिचा वास आला अशी चूक एकच झाली.

पोलादपुरास माझ्या आत्याबाईंचें घर आहे. त्यांना जात्यावरच्या ओव्या किती येत, याचा हिशेब त्यांनाही नव्हता. दोन उन्हाळे त्यांच्यापुढें बसून मीं त्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. पुढें आत्याबाई गेल्या. फिती महाडच्या घरीं कपाटांत राहिल्या. त्यांची एक नक्कल हार्ड डिस्कवर करून ती मीं पोलादपुरास आतेभावाच्या स्वाधीन केली. हा शहाणपणा २००५ च्या पुरानें शिकविलेला.

२२ जुलै २०२१ च्या रात्रीं सावित्रीचें आणि गांधारीचें पाणी महाडांत भरलें. त्याच दिवशीं आमच्याच तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या दुःखापुढें माझ्या फितींचें नांवही काढूं नये, हें मला कळतें. तरी कपाट उघडतांना हात कांपले. फितींच्या जागीं चिखलाच्या वड्या होत्या.

रस्ता मोकळा होतांच मीं पोलादपूर गांठलें. डिस्क लोखंडी पेटींत कोरडी ठणठणीत होती. तिला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागे; तो कांहीं केल्या सांपडेना. लॅपटॉपच्या अडॅप्टरची पिन मात्र तींत नेमकी बसली. पिन बसली त्याअर्थीं वीजही जुळली, असें मीं गृहीत धरलें. तो अडॅप्टर १९ व्होल्टचा होता. क्षणांत जळकट वास खोलीभर पसरला. “दादा, हें काय केलंस?” एवढेंच आतेभाऊ म्हणाला. पुरानें जें सोडलें होतें, तें मीं नेलें होतें.

पुण्यास एका तरुण कारागिरानें डिस्क उलटी करून चार-सहा स्क्रू काढले आणि खालचा हिरवा सर्किट बोर्ड अलग केला. ज्यांवर मजकूर असतो त्या तबकड्या वरच्या बंद पेटींत. तिला त्यानें हातही लावला नाहीं. बोर्डावर एक डायोड पहारेकऱ्यासारखा बसविलेला असतो. जादा व्होल्टेज आलें कीं तो स्वतः बळी पडतो, आणि पुष्कळदां तेवढा काढून टाकला कीं डिस्क जागी होते. आमचा पहारेकरी पडला होताच, शिवाय मोटार फिरविणारी चिपही काळी ठिक्कर झाली होती.

“मग दुसरा बोर्ड बसवा,” मी म्हणालों. तो हंसला. त्याच क्रमांकाचा बोर्ड त्यानें एका निकामी डिस्कवरून मिळविला होता. तो लावून दाखविला. तबकड्या फिरल्या, आणि आंतून टक् टक् असा आवाज येऊं लागला. त्यानें लगेच वीज तोडली.

मग त्यानें सांगितलें तें मला फार नवलाचें वाटलें. एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन डिस्काही अगदीं सारख्या नसतात. प्रत्येकीच्या वाचणाऱ्या टोकांत सूक्ष्म फरक असतात. कारखान्यांत ते मोजतात आणि जुळवून घेण्याचीं मापें बोर्डावरच्या आठ पायांच्या एका चिपमध्यें लिहून ठेवतात. मला आमच्या घरचे मोडी कागद आठवले. मोडी वाचणारे भेटतात. पण आमच्या पणजोबांचें वळण त्यांच्या ओळखीचें नसतें, म्हणून दोन ओळींतच ते अडखळतात. जळक्या बोर्डावर ती एक चिप शाबूत होती. तिच्यावर गरम हवेचा झोत धरून त्यानें ती चिमट्यानें उचलली आणि नव्या बोर्डावर डाखली. तेवढा वेळ मी भिंतीवरचें दिनदर्शिकेचें पान वाचीत होतों. त्यावर काय होतें तें विचारूं नये.

या खेपेस टक् टक् झाली नाहीं. परंतु संपूर्ण डिस्कची नक्कल उतरल्याखेरीज त्यानें मला एक ओळही ऐकूं दिली नाहीं. त्याला दीड दिवस लागला.

प्रथम खांकरणें आलें, मग जात्याची घरघर, आणि मग आत्याबाई: “सुरू झालं का रे तुझं यंत्र?”

आतां नकला तीन आहेत आणि त्या तीन गांवीं आहेत. आतेभावाला तो हरवलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर पुढें माळ्यावर सांपडला. त्यानें त्याला लाल दोरा बांधला आहे. आणि मी गेलों कीं तो मला काढून दाखवितो.